पन्नाशीनंतर जुन्या गुंतवणुकीचा हिशोब कसा मांडावा

निवृत्तीला पाच-आठ वर्षं उरली की बहुतेक जण विचारतात, ‘आता कुठे गुंतवू?’ त्याआधी विचारायला हवं की आजवर जे गुंतवलं त्याने वर्षाला नेमके किती टक्के दिले आणि गळती कुठे झाली. त्यासाठी सल्लागार लागत नाही. जुनी कागदपत्रं, एक एक्सेल शीट आणि दोन मोकळे रविवार पुरतात.

म्युच्युअल फंडांचं एकत्रित विवरणपत्र कॅम्स किंवा केफिनटेकच्या (फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) संकेतस्थळावरून पॅन आणि ईमेल देऊन मागवा. ‘सुरुवातीपासूनचे सर्व व्यवहार’ हा पर्याय निवडा, नुसती आजची शिल्लक उपयोगाची नाही. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) पासबुकात प्रत्येक जुन्या नोकरीचा मेंबर आयडी वेगळा दिसतो, तो एकेक उघडून पाहा. विमा पॉलिसीसाठी शाखेतून आजचं सरेंडर मूल्य (पॉलिसी मुदतीआधी मोडली तर मिळणारी रक्कम) आणि जमा बोनस लेखी घ्या. दहा वर्षं हात न लावलेलं एखादं बँक खातं विसरलं असेल, तर ते रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधता येतं.

शीटमध्ये चार रकाने करा: तारीख, रक्कम, कशात, आणि तेव्हा का घेतलं. चौथ्या रकान्यात ‘मार्च’ आणि ‘ओळखीतले’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. कर वाचवायला मार्चअखेर घाईत घेतलेली पॉलिसी हे मध्यमवर्गीय घरांतलं सर्वांत नेहमीचं उत्तर असतं. नव्या करप्रणालीत ८०सी ची (विमा, पीपीएफ अशा गुंतवणुकीवरची) वजावटच नाही, त्यामुळे तुम्ही ती स्वीकारली असेल तर ते कारणही उरलेलं नाही.

चौथा रकाना आणखी एका कामाचा आहे. निर्णय चुकीचा होता की निकाल वाईट लागला, हे त्यावरून वेगळं करता येतं. पीपीएफचा दर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता. त्या काळात सगळा पैसा तिथे ठेवणारा माणूस अजिबात चुकला नव्हता. मार्च २००३ पर्यंत दर ८ टक्क्यांवर आला, एप्रिल २०२० पासून तो ७.१ आहे. दर उतरत गेले तरी बेत तोच ठेवला असेल, तर चूक तिथून मोजायची.

खरा परतावा काढणं

‘१० लाख भरले, १७ लाख ३६ हजार मिळाले, म्हणजे ७३ टक्के फायदा’ या हिशोबात वेळ धरलेलाच नाही. एखाद्या विमा पॉलिसीत वर्षाला ५० हजारांचा हप्ता २० वर्षं भरून एवढी रक्कम आली, तर परतावा वर्षाला फक्त ५ टक्के पडतो. तेच हप्ते ७.१ टक्क्यांनी वाढले असते तर सुमारे २२ लाख २० हजार झाले असते.

हे काढायला एक्सेलमधलं ‘एक्सआयआरआर’ (XIRR) सूत्र वापरा, ते तारखा धरून वर्षाचा परतावा काढतं. एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. भरलेला प्रत्येक हप्ता उणे चिन्हाने, मिळालेला प्रत्येक पैसा अधिक चिन्हाने. मनीबॅक पॉलिसीत मधे मिळालेल्या रकमा त्या त्या तारखेला मांडायच्या. गुंतवणूक अजून चालू असेल तर शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य. सूत्र चुकलं म्हणून सांगत असेल तर बहुधा तारखा मजकूर म्हणून टाइप झालेल्या असतात किंवा सगळ्या रकमांना एकच चिन्ह लागलेलं असतं.

पारंपरिक एंडोमेंट पॉलिसीत (विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी) परतावा कमी पडण्याचं कारण तिच्या रचनेत आहे. बोनस सहसा विमा रकमेच्या दर हजारामागे जाहीर होतो, तो साधा असतो, चक्रवाढ नसतो आणि हातात येतो शेवटी. वीस वर्षं जमा होत राहिलेल्या बोनसवर पुढचा बोनस मिळत नाही.

म्हणून लगेच सरेंडर करायला धावू नका. भरून झालेले हप्ते आता बाजूला ठेवून नवा हिशोब मांडा: आजचं सरेंडर मूल्य उणे, उरलेले हप्ते उणे, मुदतीअखेरची रक्कम अधिक. समजा वरच्याच पॉलिसीचे १६ हप्ते भरून झालेत, सतरावा आता भरायचाय आणि सरेंडर मूल्य १० लाख ५० हजार आहे. उरलेल्या चार वर्षांचा परतावा सुमारे ९ टक्के निघतो. पूर्ण पॉलिसी ५ टक्क्यांची, पण तिची शेपटी ९ टक्क्यांची. अशी पॉलिसी मोडणं म्हणजे जुन्या चुकीवर नवी चूक. उलट चार-पाच हप्तेच झालेल्या पॉलिसीत हाच हिशोब बहुधा दुसऱ्या बाजूला झुकतो. तिथे सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी विमा रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं) दोन्ही मांडून पाहा. विम्याची गरज अजून असेल तर टर्म पॉलिसी (बचत नसलेला निव्वळ विमा) हातात आल्याशिवाय जुनी बंद करू नका.

सर्वांत मोठं भोक: नोकरी बदलताना काढलेला पीएफ

फसलेल्या शेअरची आठवण सगळ्यांना असते, पीएफची कोणालाच नसते. २००५ च्या सुमारास नोकरी बदलताना काढलेले २ लाख रुपये घ्या. ईपीएफचा दर तेव्हापासून ८.१ ते ९.५ टक्क्यांदरम्यान राहिला. साडेआठ धरला तर २० वर्षांत त्याचे १० लाखांच्या वर झाले असते. तो पैसा बहुधा घरखर्चात किंवा गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये गेलेला असतो.

पेन्शनचं नुकसान वेगळंच. १० वर्षं भरायच्या आत १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे उचलले, की तेवढी सेवा पुसली जाते. ईपीएस (पीएफसोबतची पेन्शन योजना) पेन्शन म्हणजे महिन्याला पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. आणि हा पगार बहुतेकांच्या बाबतीत १५,००० वर अडतो. म्हणजे हरवलेल्या प्रत्येक वर्षामागे महिन्याला सुमारे २१४ रुपये गेले, आठ वर्षांचे १,७०० च्या वर, तेही आयुष्यभर.

काढलेला पैसा परत भरता येत नाही, पण न हलवलेली खाती आजही एकत्र करता येतात. हस्तांतराचा अर्ज अडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच नोंदवलेली नसते, किंवा नाव-जन्मतारीख आधारशी जुळत नाही. ही तारीख सदस्याला यूएएन पोर्टलवर (यूएएन म्हणजे पीएफ सदस्याचा कायम क्रमांक) स्वतः नोंदवता येते, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेलेले असावे लागतात. हे काम निवृत्तीच्या वर्षासाठी ठेवू नका. तोवर जुनी कंपनी बंद झालेली असू शकते.

एक टक्का जास्त कशाच्या बदल्यात

जादा व्याजामागची जोखीम महाराष्ट्रातल्या ठेवीदारांना नव्याने सांगायला नको, तरी शीटमध्ये मांडा. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे, पण तो एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून आणि व्याज धरून. म्हणून ५ लाखांची एफडी पूर्ण सुरक्षित नसते, साडेचार लाखांच्या आसपास थांबा. पतसंस्थेला हा विमाच नाही. एक टक्का जादा व्याज म्हणजे १० लाखांवर वर्षाला १० हजार, आणि पणाला लागलेले असतात १० लाख.

म्युच्युअल फंडांत फंडाचा जाहीर परतावा बघू नका. स्वतःचा एक्सआयआरआर काढा आणि त्याच तारखांना तेवढेच पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात घातले असते तर काय झालं असतं, त्याच्याशी ताडा. फरक मोठा निघाला तर मार्च २०२० च्या ओळी पाहा. त्या महिन्यात सेन्सेक्स २६ हजारांखाली बंद झाला आणि अनेकांनी नेमकी तेव्हा एसआयपी थांबवली. दुसरी गळती रेग्युलर प्लॅनची, त्यात वितरकाचं कमिशन धरलेलं असतं, डायरेक्टमध्ये नसतं. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. खर्चात एक टक्क्याचा फरक असेल तर ४० लाखांवर तो वर्षाला ४० हजार होतो. बदल मात्र एका झटक्यात नको, कारण तो विक्री धरला जातो. इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यात वर्षाला सव्वा लाख करमुक्त आहेत, त्यावर साडेबारा टक्के. थोडं मार्चमध्ये, थोडं एप्रिलमध्ये हलवलं की दोन आर्थिक वर्षांची सवलत मिळते.

दुसऱ्या फ्लॅटचा हिशोब छोटा आहे: वर्षाचं भाडं, वजा रिकामा महिना, मेंटेनन्स, घरपट्टी, दुरुस्ती, भागिले आजची किंमत. ८० लाखांच्या फ्लॅटला २० हजार भाडं असेल तर हाती दोन टक्केसुद्धा राहणं कठीण. किंमत वाढली असेलही, पण दवाखान्याच्या बिलासाठी त्यातली एक खोली विकता येत नाही.

आता काय बदलायचं

पीपीएफची १५ वर्षं संपत आली असतील तर मुदतवाढीचा अर्ज एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. अर्ज न देता भरत राहिलात तर त्या नव्या रकमेवर व्याज मिळत नाही. अर्ज द्यायचा नसेल तर नवे पैसे भरू नका. आधीच्या शिल्लकीवर व्याज चालूच राहतं. भरणा ५ तारखेच्या आत करा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिल्लकीवर धरतात.

साठीनंतरच्या नियमित उत्पन्नासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकट्याच्या नावे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात आणि ठेवताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. पती-पत्नी दोघंही पात्र असतील तर दोघांची मर्यादा वेगळी. हे व्याज करपात्र आहे, तेव्हा परतावा करानंतरचाच धरा: ३० टक्क्यांच्या टप्प्यात ७ टक्क्यांची एफडी सेस धरून ४.८ टक्क्यांवर येते.

शीट बंद करण्याआधी पाचवा रकाना जोडा: नॉमिनी. पंचविशीत उघडलेल्या खात्यांवर अजून आई-वडिलांचीच नावं निघतात. पीएफचं नामांकन लग्नानंतर नव्याने करावं लागतं. ते यूएएन पोर्टलवर ऑनलाइन होतं, त्यासाठी कुटुंबीयांचा आधार क्रमांक आणि फोटो जवळ ठेवा, आणि शेवटी ई-साइन झाल्याची खात्री करा. ई-साइन राहिलं तर नामांकन झालेलंच नसतं.