नॅनोवायरमधल्या क्वांटम डॉटच्या रेषा कशा ओळखायच्या

लॅबमध्ये नवीन आलेले बरेच जण स्पेक्ट्रममध्ये एक बारीक रेषा दिसली की लगेच एक्सायटॉन (एक इलेक्ट्रॉन आणि एक होल यांची जोडी) म्हणून मोकळे होतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. उदाहरण इंडियम फॉस्फाइडच्या नॅनोवायरचं, म्हणजे अतिशय बारीक तारेचं घेऊ, जिच्या आत इंडियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा डॉट आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल जिथे अडकून राहतात असा छोटासा तुकडा.

वायर उभी ठेवायची की आडवी ते आधी ठरवा. आडवी वायर हाताळायला सोपी, पण तिच्यात प्रकाश वायरीच्या दिशेनेच जास्त पोलराइज होतो आणि बराचसा खाली सब्स्ट्रेटमध्ये (वायर ज्यावर ठेवली आहे त्या चकतीत) जातो. उभी आणि योग्य जाडीची, म्हणजे साधारण २०० नॅनोमीटरच्या पुढची वायर वेव्हगाइडसारखी वागते, म्हणजे प्रकाशाला आपल्या लांबीच्या दिशेने नेते. ग्रेनोबलच्या ग्रुपने २०१० मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या अशाच वायरीतून ७२ टक्के फोटॉन बाहेर काढून दाखवले होते, त्यामुळे जमत असेल तर उभीच घ्या.

सॅम्पल ४ केल्विनला न्या, हिरवा किंवा लाल लेझर ऑब्जेक्टिव्हमधून फोकस करा, स्पेक्ट्रोमीटरच्या समोर लेझरचा प्रकाश अडवणारा लाँगपास फिल्टर लावायला विसरू नका. पॉवर ऑब्जेक्टिव्हच्या तोंडाशी मोजा, लेझरवरचा आकडा धरू नका. वायरीची स्फटिकरचना वुर्ट्झाइट असेल तर ८३० नॅनोमीटरच्या आसपास तिचा स्वतःचा पीक दिसतो, तो दिसला की वायर सापडली. डॉट त्याच्या पुढे, बऱ्याचदा ८८० ते ९५० च्या मध्ये कुठेतरी.

आता पॉवर सिरीज, म्हणजे लेझरची पॉवर बदलत प्रत्येक रेषेची इंटेन्सिटी मोजणं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. अगदी कमी पॉवरला, नॅनोवॅटमध्ये सुरू करा, एखादीच रेषा उरेल. मग हळूहळू वाढवत जा, प्रत्येक वेळी फोकस बघा कारण क्रायोस्टॅट (सॅम्पल थंड ठेवणारं यंत्र) सरकतो आणि इंटेन्सिटी उगाच पडलेली वाटते. लॉग-लॉग ग्राफवर उतार १ च्या जवळ आला तर एक्सायटॉन असू शकतो, २ च्या जवळ आला तर बायएक्सायटॉन (एकाच डॉटमध्ये अशा दोन जोड्या), आणि तो सहसा काही मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट बाजूला असतो (९०० ला १ नॅनोमीटर म्हणजे साधारण १.५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट). पण ट्रायॉनचा (जोडी आणि वर एक जादा इलेक्ट्रॉन किंवा होल) उतारही १ च्या आसपासच येतो, तेव्हा इथेच थांबून चालत नाही.

त्यासाठी पोलरायझरच्या आधी हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशनची दिशा फिरवणारी काच) फिरवत स्पेक्ट्रम घ्या आणि प्रत्येक पीकला फिट करून त्याची जागा काढा. एक्सायटॉन थोडा पुढे-मागे डोलतो, बायएक्सायटॉन बरोबर त्याच्या उलटा डोलतो, ट्रायॉन जागचा हलत नाही. स्फटिकाच्या १११ दिशेने वाढलेल्या वायरीत डॉटची सिमेट्री चांगली असते त्यामुळे हे डोलणं काही मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टच असू शकतं, स्पेक्ट्रोमीटरच्या रिझोल्यूशनपेक्षा कमी, म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून काही नाही म्हणू नका, फिट कराच.

शेवटी बीमस्प्लिटर आणि दोन डिटेक्टर लावून जी-टू, म्हणजे दोन फोटॉन किती वेळाच्या अंतराने येतात त्याचं कोरिलेशन मोजा. शून्याला डिप ०.५ च्या खाली गेला तर एकावेळी एकच फोटॉन येतोय. डॉटचा लाइफटाइम एक-दोन नॅनोसेकंदाचा आणि साध्या सिलिकॉन डिटेक्टरचा जिटर (वेळ मोजण्यातली अनिश्चितता) काहीशे पिकोसेकंदाचा, त्यामुळे डिप थोडा भरलेला दिसतो, तेवढं करेक्शन करा. मग बायएक्सायटॉनच्या फोटॉनवर घड्याळ सुरू आणि एक्सायटॉनच्या फोटॉनवर बंद असं क्रॉस-कोरिलेशन घ्या. शून्याच्या एका बाजूला खड्डा आणि लगेच दुसऱ्या बाजूला उंच टोक आलं तर दोन्ही रेषा एकाच डॉटच्या आणि एकाच कॅस्केडच्या, म्हणजे आधी बायएक्सायटॉनचा आणि मागोमाग एक्सायटॉनचा फोटॉन सुटतो त्या साखळीच्या, मग ग्राफवर बिनधास्त नावं टाका.