रस्टमध्ये टाइप वाचून किती कळतं? पायथनमधून येणाऱ्यांसाठी

पायथनमधून रस्टमध्ये येताय? मग पहिला महिना कंपायलर (चालवण्याआधी कोड तपासून प्रोग्रॅम बांधणारा) रडवणार, हे धरूनच चला. पण त्याच महिन्यात एक सुखही मिळतं: दुसऱ्याचं फंक्शन वापरायला त्याचा आतला कोड उघडावा लागत नाही.

पायथनमध्ये ग्राहक शोधणारं फंक्शन दिसलं की डोक्यात प्रश्न सुरू. सापडला नाही तर नन मिळणार की एक्सेप्शन उडणार? डॉकस्ट्रिंग असली तर नशीब, आणि ती जुनी झालेली नसली तर आणखी नशीब. टाइप हिंट २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून आहेत, पण प्रोग्रॅम चालताना पायथन स्वतः त्या तपासत नाही. रस्टमध्ये ऑप्शन परत येत असेल तर ‘कदाचित सापडणार नाही’, रिझल्ट असेल तर ‘फसू शकतं’, हे फंक्शनच्या सहीतच (काय घेतं आणि काय परत देतं, ते सांगणाऱ्या ओळीत) लिहिलेलं असतं. ही माहिती शिळी होत नाही, कारण कोड तिच्याशी जुळला नाही तर बिल्डच होत नाही.

इथवर वाचून कुणी सिनियर म्हणेल, ‘टाइप वाच, डॉक्युमेंटेशन कशाला?’ अशा सिनियरपासून जरा जपून. माझे बरेच दिवस याच वाक्यापायी वाया गेले.

स्ट्रिंगवरचं लेन घ्या. परत काय येतं? यूसाइझ, म्हणजे एक ऋण नसलेला पूर्णांक. कशाची संख्या? टाइप गप्प. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला लेन लावा, उत्तर येतं ३०. कॅर्स घेऊन काउंट करा, १० येतं. आणि आपण शाळेत मोजायचो तशी अक्षरं फक्त ४: म, हा, रा, ष्ट्र. तीनही उत्तरं बरोबर आहेत. लेन यूटीएफ-८ चे बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. कॅर्स युनिकोडची चिन्हं मोजतं, त्यात काना आणि हलन्तही सुटे धरले जातात. तिसरी मोजणी स्टँडर्ड लायब्ररीत नाहीच, त्यासाठी वेगळा क्रेट, म्हणजे बाहेरून जोडायची लायब्ररी, लागतो. पण तिन्ही मोजण्यांचा टाइप एकच, यूसाइझ!

आता नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा घाला आणि लेनने तपासा. रोमन लिपीतलं महाराष्ट्र ११ बाइटांत बसतं, देवनागरीतलं फेटाळलं जातं. टेस्टमध्ये सगळी नावं रोमन असतील तर सगळं हिरवं दिसतं. कंपायलर खूश, टेस्ट खूश, मराठीत नाव भरणारा माणूस बाहेर. देवनागरी शब्दाचे पहिले २ बाइट कापायला गेलात तर प्रोग्रॅम थेट पॅनिक होतो, म्हणजे तिथेच कोसळतो. आणि हे बाइटांचं प्रकरण लेनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. वाचायचं मात्र कुणालाच नसतं.

घाबरू नका, यावरही टाइपच कामी येतो. बाइटसंख्या आणि अक्षरसंख्या असे दोन छोटे स्ट्रक्ट (आपले स्वतःचे टाइप) करा, आत यूसाइझच ठेवा. मग मर्यादा एका मापात आणि मोजणी दुसऱ्या मापात असली की बिल्ड अडतं. चालताना याचा खर्च जवळपास शून्य. आणि ‘अक्षर म्हणजे काय’ हे एका ओळीत कोडच्या उदाहरणासह स्ट्रक्टच्या वर डॉक कॉमेंटमध्ये लिहा. लायब्ररीच्या कोडमध्ये ते उदाहरण कार्गो टेस्ट (रस्टची टेस्ट चालवणारी आज्ञा) चालवून बघतं, त्यामुळे तेही सहजी शिळं होत नाही.

जिथेतिथे अनरॅप (ऑप्शनमधलं मूल्य न तपासता काढून घेणं, नसलं की पॅनिक) लावून पुढे जायला शिकवणारे व्हिडिओ मात्र बंद करा. ऑप्शनने जे सांगितलं, तेच तुम्ही पुसून टाकता.

सरावासाठी स्टँडर्ड लायब्ररीचं पान उघडा, वर्णन झाका, नुसती सही वाचून अंदाज बांधा, मग वर्णन बघा. व्हेक्टरवरच्या (रस्टच्या यादीवरच्या) पॉपपासून सुरू करा, तो सहज ओळखता येतो. मग डिडुप घ्या. तो फक्त शेजारशेजारचे सारखे घटक काढतो, लांबचे तसेच राहतात.