एका साच्यातून वीस लिनक्स डेस्कटॉप

जळगाव जिल्ह्यातल्या केळीवाल्याला टेम्प्लेट (साचा) म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. टिश्यू कल्चरची रोपं निवडक मातृझाडांपासून येतात. त्या झाडातच रोग असला तर तो अख्ख्या बागेत निघतो. व्हर्च्युअल डेस्कटॉपचंही, म्हणजे एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकांचंही, तसंच. म्हणून वेळ साच्यावर घालवायचा, त्याच्या नकला, म्हणजे क्लोन, काढायला कितीसा लागतो!

अमळनेरकडच्या एका कॉलेजच्या लॅबसाठी मी हे प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर, केलं. सर्व्हरला 64 जीबी रॅम. डेस्कटॉपमागे 2 जीबी धरले की विसांना 40 लागतात, बाकीची सर्व्हरला स्वतःला. एवढ्यात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बरा चालतो, जड ग्नोमला धाप लागते. डिस्क मात्र एसएसडीच घ्या. प्रॅक्टिकलला वीस पोरं एकदम लॉगिन करतात, तेव्हा साधी हार्ड डिस्क मान टाकते.

साचा बनवणे

20 जीबी डिस्कचं एक व्हर्च्युअल मशीन तयार करा. स्टोरेज एलव्हीएम-थिन किंवा झेडएफएस प्रकारचं हवं. साध्या एलव्हीएमवर लिंक्ड क्लोन (साच्याचीच डिस्क वापरणारी नक्कल) निघत नाही. त्यात उबुंटू, एक्सएफसीई, रिमोटसाठी एक्सआरडीपी, प्रॉक्समॉक्सशी बोलणारा क्यूईएमयू गेस्ट एजंट आणि पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारं क्लाउड-इनिट टाका. मग सी कंपायलर जीसीसी, पायथन, लिबरऑफिस, देवनागरी फॉन्ट, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. रिमोटने एकदा लॉगिन करून सगळं उघडून बघा. इथे राहिलेली चूक पुढे वीस ठिकाणी निस्तरावी लागते.

ओळख पुसणे

खरी मेख इथे आहे. पहिल्या वेळी मी ही पायरी गाळली. पाच क्लोन चालू केले, तर पाचांनाही एकच आयपी! एकाचा रिमोट उघडला की दुसऱ्याचा तुटायचा. मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) तर वेगवेगळे दिसत होते, त्यामुळे दुपारभर मी राउटरला शिव्या घालत बसलो. दोष राउटरचा नव्हताच. मी साचा उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीवर उभारला होता, आणि ती आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅकऐवजी मशीन-आयडीवरून (सिस्टमचा खास क्रमांक) बनवलेली ओळख सांगते. साच्याचा मशीन-आयडी पाचांतही जसाच्या तसा उतरला होता.

तेव्हा ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलमधला मजकूर पुसा. फाइल उडवू नका, रिकामी ठेवा. पुढच्या बूटला सिस्टम नवा आयडी लिहून घेते. एसएसएचच्या (रिमोट कमांड-लॉगिन) होस्ट की, म्हणजे मशीनच्या ओळख-किल्ल्या, काढून टाका, क्लाउड-इनिटचा जुना डेटा साफ करा आणि मशीन बंद करा. मध्येच पुन्हा चालू केलंत तर हे सगळं परत करावं लागेल. बंद असतानाच हार्डवेअरमध्ये क्लाउड-इनिट ड्राइव्ह जोडा, म्हणजे प्रत्येक क्लोन स्वतःचं होस्टनेम आणि नव्या की घेऊन उठतो.

क्लोन आणि पूल

राइट क्लिक, 'कन्व्हर्ट टू टेम्प्लेट'. यानंतर ते मशीन चालू होत नाही, म्हणून आधी बॅकअप घ्या. मग 'क्लोन', मोड 'लिंक्ड क्लोन'. वीस फुल क्लोन म्हणजे 400 जीबीची तयारी. लिंक्ड क्लोन साच्याचीच डिस्क वापरतो आणि फक्त बदललेला भाग स्वतःजवळ ठेवतो. वीसदा क्लिक करण्यापेक्षा प्रॉक्समॉक्सच्या क्यूएम कमांडचा छोटा लूप लिहिलेला बरा. नावं लॅब-01 ते लॅब-20.

डेटासेंटरमधल्या परमिशन्सखाली पूल (मशीनचा गट) तयार करून विसांना त्यात घाला, आणि लॅब असिस्टंटला त्या पूलपुरता 'पीव्हीईव्हीएमयूझर' हा रोल द्या. त्याला मशीन चालू-बंद करता येतं, डिलीट करता येत नाही.

क्लोन एकदा सुरू करून बघितला की स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन स्थिती) घ्या. पोरांनी काहीही उलटंपालटं केलं तरी रोलबॅक करून, म्हणजे त्या स्थितीवर परत जाऊन, सकाळी डेस्कटॉप कोरा. फक्त त्याआधी होम फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल वापरायची सोय) वेगळ्या सर्व्हरवर न्या. मी हे उशिरा केलं, आणि पहिल्याच रोलबॅकनंतर एक पोरगा दारात उभा: "सर, मनी फाइल कोठे गयी?"

साचा बदलायचा असेल तर

नवं सॉफ्टवेअर जुन्या साच्यात घालता येत नाही. साच्याचा फुल क्लोन काढा, त्यात बदल करा, ओळख पुन्हा पुसा, नवं टेम्प्लेट करा आणि त्यावरून नवे वीस काढा. स्टोरेज झेडएफएस असेल तर जुन्या साच्यावर एक जरी लिंक्ड क्लोन शिल्लक असला तरी प्रॉक्समॉक्स तो साचा डिलीट करू देत नाही. मी हे काम दिवाळीच्या सुट्टीत करतो.