अलॉय बसवलेत? स्टीलच्या स्टेपनीचे नट आधी तपासा

बाहेरच्या दुकानातून अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले की स्टेपनी बहुधा स्टीलचीच राहते, आणि अलॉयचे नट तिला चालतीलच असं नाही. बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर भर पावसात हे कळण्यापेक्षा घरीच बघा.

१. सपाट जागी गाडी जॅकवर घेऊन स्टेपनी लावा.
२. नट हातानेच फिरवा. निदान सात-आठ आटे सहज चढले पाहिजेत. नटाची बैठक (रिमला टेकणारा भाग) रिमच्या भोकात नीट टेकते का, ते बारकाईने पाहा: स्टील रिमला बहुतेक वेळा निमुळती बैठक लागते, चपट्या वॉशरचा नट तिथे पकडत नाही, चाक सैल होतं.
३. जुळत नसेल तर स्टीलचे जुने नट पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवा.

चाक बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. आट्यांना ग्रीस मात्र लावू नका, नट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात.