आधी माती, मग लेआउट

प्लॉटिंगची जमीन दाखवायला कोणी नेलं की मी आधी शेजारच्या विहिरी कुठे आहेत ते विचारते. बावीस वर्षं मातीपरीक्षण करतेय, बहुतेक सोलापूर, बार्शी आणि पुण्याच्या आसपास. न बांधलेल्या विहिरीत डोकावलं की सगळे थर उघडे दिसतात: वर काळी माती, मग चुनखडीचे खडे, मुरूम, मांजऱ्या म्हणजे झिजलेला मऊ खडक, आणि तळाला काळा पाषाण. पाच-सहा विहिरींतली काळीची जाडी टेपने मोजून कागदावर मांडा. एकाच गटात ती कुठे दोन फूट, तर कुठे बारा फूट भरते.

मग भूमी अभिलेखातून जुना गावनकाशा आणा. नकाशात ओढा आहे आणि जागेवर सपाट माळ दिसतोय, म्हणजे तिथे भराव झालाय. एका वसाहतीसाठी आम्ही चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे माती तपासायचे पाच बोअर घेतले. पाचही ठिकाणी चांगला मुरूम लागला. बुजवलेला ओढा दोन बोअरच्या मधून तिरका गेला होता. तिसऱ्या पावसाळ्यात एका इमारतीचा कोपरा खचला आणि खिडकीपासून जोत्यापर्यंत तिरकी भेग गेली. नकाशा माझ्या टेबलावर होता, मी तो उघडला नव्हता. आता बोअरच्या जागा मी नकाशावर बोट ठेवूनच ठरवते, आणि शंकेच्या जागी जेसीबीने एक चर मारून घेते.

काळ्या मातीची जागा एप्रिल-मेमध्ये एकदा आणि चांगला पाऊस झाल्यावर एकदा, अशी दोनदा बघा. उन्हाळ्यात भेगेत काठी घालून खोली मोजा. फुगवट्याची चाचणी अगदी साधी आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती, दहा-दहा ग्रॅम, १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घ्या. एकीत रॉकेल भरा, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. २४ तासांनी वाचा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ भरली, तर फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या वर गेला की मी साधा पाया सुचवत नाही.

‘दोन मजली तर बंगले आहेत, एवढं कशाला?’ असं नेहमी ऐकते. पण काळी हलक्या बांधकामालाच जास्त छळते. सात मजली इमारतीचं ओझं तिला दाबून धरतं. बंगला, कंपाउंडची भिंत, पोर्चची फरशी ती सहज उचलते. ही ओल-सुकीची हालचाल साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचते. म्हणून अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे तळाशी फुगवलेल्या काँक्रीटच्या खांबाचा, फुगीर पाय त्याच्या खाली जायला हवा, किंवा काळी पूर्ण काढून मुरमावर पाया.

बोअर चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. माती किती घट्ट आहे ते बघायला बोअरच्या तळाशी नळी ठोकतात: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पडतो, नळी आत जाताना शेवटच्या ३० सेंटीमीटरचे ठोके मोजायचे असतात. ते कानांनी मोजा. मी सावलीत बसून लिहिलेले आकडे पाहिले आहेत.

डोंगरउतारावर मात्र माझा सूर बदलतो. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. सह्याद्रीत दोन पाषाणथरांमध्ये कुठे कुठे लाल गेरूसारखा थर असतो. पाणी मुरलं की तो मऊ पडतो. त्यामुळे पायथा कापून प्लॉट काढण्याआधी प्लॉटच्या हद्दीबाहेर, थेट माथ्यापर्यंत चढा. उताराला आडव्या भेगा, खोडाशी वाकलेली झाडं, नवे झरे, एकाएकी गढूळ झालेलं झऱ्याचं पाणी: यातलं एक जरी दिसलं, तरी भूवैज्ञानिकाला जागेवर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश पोर्टलवर बघायला मिळतात, पण ते चढण्याला पर्याय नाहीत.

भूकंपाचं एकच सांगते. १९९३ च्या भूकंपावेळी किल्लारी तेव्हाच्या भूकंप-नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. म्हणून पट्टा कमी धोक्याचा असला तरी आरसीसी डिझाइनमधलं भूकंपाचं गणित कोणाला गाळू देऊ नका.

एवढं हाती आलं की आर्किटेक्टला बोलवा. कोऱ्या कागदावर आधी ओढा, काळीची खोली आणि उताराची हद्द लाल पेन्सिलने काढून द्या. ओढा वाहता ठेवा, काठाला बाग करा. रस्ते आणि प्लॉट त्यानंतर आखा.