‘माझ्या मते’ म्हटलं तरी बदनामी कधी ठरते

‘माझ्या मते’ हे शब्द आधी जोडले की वाक्य सुरक्षित झालं, हा समज आधी डोक्यातून काढा. ‘माझ्या मते खजिनदाराने पैसे खाल्ले’ यात मत कुठे आहे? पैसे खाल्ले की नाही, हे हिशेबाच्या वह्या सांगतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मिल्कोविच खटल्यात हेच स्पष्ट केलं: मताच्या वेष्टनात खोटी वस्तुस्थिती दडलेली असेल, तर वेष्टन वाचवत नाही.

म्हणून लिहिलेलं प्रत्येक वाक्य एकदा तपासा: हे खरं की खोटं, पुराव्याने ठरेल का? ‘नाटक कंटाळवाणं आहे’ हे ठरत नाही, ‘नाटक चोरलेलं आहे’ हे ठरतं. प्रश्नचिन्ह लावून सुटका नाही. उपरोधानेही नाही, भारतीय कायद्यात तसं स्पष्टच म्हटलं आहे.

पुढचं काम म्हणजे मताचा आधार तिथेच मांडणं. इथेच बहुतेक जण फसतात. ‘ठेकेदार लबाड आहे’ एवढंच लिहिलं, की वाचकाला वाटतं, याला आतलं काहीतरी ठाऊक आहे. त्याऐवजी ‘तीनदा तारीख पुढे ढकलली, एकदाही आधी कळवलं नाही, मला हा बेजबाबदारपणा वाटतो’ असं लिहा. आता वाचक स्वतः तोलू शकतो. मात्र तारीख खरोखर तीनदा ढकललेली हवी. आधारच खोटा निघाला तर मतही कोसळतं. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्यात प्रामाणिक मताचा बचाव आहे, पण मताचा आधार निदान ढोबळपणे सांगितलेला लागतो. शिवाय ते तुमचं खरं मत नव्हतंच असं सिद्ध झालं, तर बचाव जातो.

कृतीवर बोला, माणसावर घसरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९) दाखला इथे फार उपयोगी आहे. ‘पुस्तक मूर्खपणाचं आहे, लेखक दुर्बल मनाचा असणार’ हे सद्भावनेने म्हटलेलं चालतं, कारण मत पुस्तकातून निघालं आहे. ‘पुस्तक मूर्खपणाचं आहे यात नवल काय, तो आहेच दुर्बल आणि लंपट’ हे चालत नाही. इथे मत पुस्तकावर उभं नाही.

सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, योग्य ती काळजी घेतलेली असावी लागते. ऐकीव गोष्ट न पडताळता लिहिली, तर हेतू कितीही निर्मळ असो, सद्भावनेच्या मताला कायदा देतो ती सूट मिळत नाही. फौजदारी खटल्यात सत्याच्या बचावासाठी विधान खरं असणंही पुरत नाही, ते लोकहितासाठी केलेलं असावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची असू शकते. म्हणून पावत्या, पत्रं, तारखा लिहिण्याआधीच जमवून ठेवा.