समुद्रात टाकलेल्या गाळावर लक्ष ठेवायचं काम: गोव्यातून या लाईनमध्ये येणाऱ्यांसाठी

एम्मेस्सी मरीन सायन्स, जिओलॉजी, झूलॉजी किंवा केमिस्ट्री करणारी बरीच मुलं विचारतात की ताई, तुम्ही नक्की करता काय, आणि यात नोकरी आहे का. नोकरी आहे, पण आधी काम समजून घ्या, कारण काम समजलं नाही तर दोन वर्षं नुसत्या पिशव्यांवर लेबलं लावण्यात जातात आणि मग माणूस कंटाळून बँकेच्या परीक्षा द्यायला लागतो.

बंदर म्हटलं की गाळ आलाच. मांडवी आणि झुआरी दर पावसाळ्यात माती खाली आणतात, लाटांनी तळातलं हलतं, जहाजांचा चॅनल भरत जातो, मग ड्रेजर म्हणजे गाळ उपसणारं जहाज येतं, गाळ पोटात घेतं आणि बाहेर समुद्रात ठरवून दिलेल्या जागी जाऊन खालचे दरवाजे उघडतं. बहुतेक गाळ एका लोटात सरळ खाली जातो, तळावर आपटून बाजूला पसरतो आणि थोडासा बारीक भाग पाण्यात तरंगत प्रवाहाबरोबर निघून जातो. नुसती माती असेल तर प्रश्न तळातल्या जीवांवर ढीग पडण्याचा आणि पाणी गढूळ होण्याचा. पण बंदराच्या आतल्या गाळात तांबं, शिसं, पारा, जहाजांच्या जुन्या रंगातलं टीबीटी (ट्रायब्युटिल टिन) नावाचं विष, तेलातली आणि कोळशातली पीएएच नावाची विषारी रसायनं असं काय काय साठलेलं असतं. असा गाळ समुद्रात टाकला की तो तिथेच राहिला का, झाकला गेला का, त्यातलं विष वर जीवांत चढतंय का, हे वर्षानुवर्षं बघत राहायचं, हेच हे काम.

दूषित गाळ एका जागी टाकून वर स्वच्छ गाळाचं जाड पांघरूण घालायचं, याला कॅपिंग म्हणतात. याचा जुना अनुभव अमेरिकेच्या न्यू इंग्लंड किनाऱ्यावरचा आहे. तिथे डॅमॉस नावाचा मॉनिटरिंगचा कार्यक्रम १९७७ पासून चालू आहे आणि लाँग आयलंड साउंडमध्ये १९७९ साली पहिल्यांदा असं कॅपिंग केलं. न्यूयॉर्कजवळची मड डंप साईट १९९७ ला बंद केली आणि नंतर त्या भागावर स्वच्छ गाळ टाकून तळ सुधारायचं काम सुरू झालं. हाँगकाँगने शा चाऊच्या पूर्वेला समुद्रतळात खड्डेच खणले आणि दूषित चिखल त्यात भरून वरून झाकायला १९९०च्या दशकात सुरुवात केली. हे सगळे रिपोर्ट फुकट वाचायला मिळतात, आणि मी सांगते, पुस्तकातल्या चॅप्टरपेक्षा हे रिपोर्ट वाचा, कारण त्यात काय जमलं नाही तेही लिहिलेलं असतं. आपल्याकडे शिकायला मिळतं ते बहुतेक नेहमीच्या मेंटेनन्स ड्रेजिंगच्या, म्हणजे चॅनल मोकळा ठेवायला उपसलेल्या गाळावर, पण हत्यारं आणि विचार करायची पद्धत तीच.

आता मुद्द्याचं. या कामात सगळ्यात महत्त्वाचं स्टेशन डंपिंग साईटवरचं नसतं, रेफरन्स स्टेशन असतं, म्हणजे जिथे कधी काही टाकलेलं नाही पण खोली, गाळाचा पोत, प्रवाह सगळं साधारण तसंच आहे अशी जागा. नवीन मुलं तिकडे लक्षच देत नाहीत, सगळा उत्साह डंप साईटवर, आणि रेफरन्सचं सॅम्पल दिवस संपताना उन्हात थकून कसंतरी घेतलं जातं. असं करू नका. रेफरन्सशिवाय तुमच्या आकड्याला काही अर्थच नाही, आणि गोव्यात तर अजिबात नाही, कारण आपला समुद्र स्वतःच दरवर्षी तळ उलटापालटा करतो.

हे नीट समजून घ्या. नैऋत्य मान्सूनमध्ये खालचं थंड, कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर बसतो, दोन्ही मिसळत नाहीत, आणि खाली उरलासुरला ऑक्सिजन कुजणाऱ्या पदार्थात खर्च होतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे सगळे एनआयओ म्हणतात तिने, कांदोळीसमोर पंचवीस-सत्तावीस मीटर खोलीवर वर्षानुवर्षं मोजमाप केलंय, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाशी ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाईड तयार होतो हे त्यातून दिसलं. आता विचार करा, तुम्ही ऑक्टोबरात डंप साईटवर गेलात, ग्रॅब म्हणजे तळातला गाळ उचलणारा लोखंडी जबडा वर आला, काळा चिखल, सडक्या अंड्यांचा वास, जीव जवळजवळ नाहीतच. रेफरन्स नसेल तर तुम्ही लिहिणार की डंपिंगमुळे तळ मेला. आणि रेफरन्सला गेलात तर तिथेही तोच वास. दोन जागांमधला फरक हाच तुमचा रिझल्ट. टाकण्याआधीचं आणि नंतरचं, साईटवरचं आणि रेफरन्सवरचं, अशी चौकट आधी आखायची आणि मगच बोट बुक करायची. आणि डंपिंगच्या आधीचा डेटा एकदा गेला की गेला, तो नंतर कुठून आणणार.

दुसरी गोव्याची गोष्ट लोखंडाची. धातूंचे आकडे तसेच्या तसे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, कारण बारीक चिकण गाळ धातू धरून ठेवतो आणि वाळू धरत नाही. म्हणून जगभर नैसर्गिक मातीतल्या एखाद्या धातूशी भागून घेतात, बऱ्याच पेपरमध्ये लोखंडाशी भागतात. आपल्याकडे हे चालत नाही. वर्षानुवर्षं बार्जमधून खनिज मांडवी-झुआरीतून मुरगावला गेलं, २०१२ साली खाणी थांबल्या तरी तळात ते पडलेलंच आहे, म्हणजे लोखंड आणि मँगनीज आपल्या गाळात आधीच जास्त. लोखंडाने भागलं तर खरंच वाढलेलं तांबंसुद्धा सामान्य दिसायला लागतं. ॲल्युमिनियम वापरा, आणि प्रत्येक सॅम्पलचा ग्रेन साईझ, म्हणजे कणांचा आकार, कराच, तो पिपेटने करा किंवा लेझरच्या मशीनवर, पण करा. त्रेसष्ट मायक्रॉनखालचा भाग किती हे माहीत नसताना पाऱ्याचा आकडा घेऊन काय करणार?

आता बोटीवरचं थोडं जवळून सांगते. व्हॅन व्हीन ग्रॅब वर येतो तेव्हा आधी जबडे पूर्ण मिटलेत का बघायचं, एखादा शिंपला अडकून फट राहिली असेल तर बारीक गाळ वाहून गेलेला असतो, ते सॅम्पल सरळ टाकून द्यायचं आणि पुन्हा ग्रॅब सोडायचा, वेळ गेला तरी. वरच्या झडपेतून आत बघायचं, गाळावर साचलेलं पाणी स्वच्छ असलं पाहिजे, ढवळलेलं असेल तर वरचा थर मोडलाय. ते पाणी सावकाश काढून टाकायचं. मग दिसतो तो एक पातळ तपकिरी थर, आणि खाली राखाडी किंवा काळा. तो तपकिरी थर म्हणजे जिथपर्यंत ऑक्सिजन पोचतोय, त्याची जाडी मोजून लिहा, फोटो काढा, वास लिहा, आणि हे सगळं चमचा घालायच्या आधी. धातूंसाठी प्लास्टिकचा चमचा आणि ग्रॅबच्या लोखंडी भिंतीला लागलेला गाळ घ्यायचा नाही. पीएएच नि टीबीटीसाठी प्लास्टिक चालत नाही, तिथे स्टीलचा चमचा आणि काचेची बरणी, आणि लगेच बर्फात. खलाशी म्हणेल लवकर आटपा, वारा उठतोय. त्याचं ऐका, तांडेलाचं तर नक्कीच ऐका, पण लेबल मात्र तिथल्या तिथे आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावा.

जीवांचं सॅम्पल वेगळं. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर समुद्राच्या पाण्याने हळू धुवायचं, जोराने पाईप मारला तर कृमींचे तुकडे होतात आणि मग डोकी मोजत बसावं लागतं. टिकवायला फॉर्मालिन, रंगवायला रोझ बेंगाल, आणि मग लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली गुलाबी झालेले जीव एकेक उचलायचे. हे काम किचकट आहे, मान धरते, पण मला विचाराल तर याच कामातून माणूस तयार होतो. गाळ नवीन पडला की आधी छोटे, पटकन वाढणारे पॉलिकीट कृमी येतात, वरच्यावर राहणारे. बऱ्याच काळाने खोल बिळं करणारे मोठे जीव परततात, आणि ते आले की ऑक्सिजनचा तपकिरी थर जाड होतो. ऱ्होड्स नावाच्या शास्त्रज्ञाने हा क्रम ओळखून तळात घुसणारा एक कॅमेरा वापरायला सुरुवात केली, गाळाचा उभा काप काढल्यासारखा फोटो देणारा, वीसेक सेंटिमीटरपर्यंत. मल्टीबीमने, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळाचा नकाशा काढणाऱ्या यंत्राने, ढिगाचा आकार आणि उंची कळते, पण कडेला पसरलेला पाचसहा सेंटिमीटरचा थर त्यात दिसत नाही, तो या फोटोत दिसतो. कॅपची जाडी खरंच किती आहे हे मात्र कोअर, म्हणजे नळीने काढलेला गाळाचा उभा खांब, घेऊनच कळतं, वरचा स्वच्छ थर, खालचा दूषित, आणि मधली सीमा. आणि हो, लेड-२१० या किरणोत्सारी शिशाने गाळाच्या थरांचं वय काढायचं असेल तर रेफरन्सच्या कोअरवर काढा, डंप साईटवर थर एकमेकांत मिसळलेले असतात, तिथे त्या तारखांवर विश्वास ठेवता येत नाही.

केमिस्ट्रीच्या मुलांसाठी दोन शब्द. हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने डायजेशन, म्हणजे गाळ विरघळवायचं काम, करत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, सीनिअर घाईत असला तरी नाही. प्रत्येक बॅचला ब्लँक (सॅम्पलशिवाय), डुप्लिकेट (तेच सॅम्पल दोनदा) आणि प्रमाणित संदर्भ गाळ (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत) लावायचा, तो बरोबर आला नाही तर पूर्ण बॅच परत. टीबीटी जुनी गोष्ट आहे असं समजू नका. जहाजांच्या रंगात त्याच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी २००८ पासून लागू झाली, पण ऑक्सिजन नसलेल्या गाळात तो फार सावकाश विघटित होतो. त्याच्यामुळे मादी शंखांत नराचं इंद्रिय वाढतं, आणि अशा शंखांची नोंद गोव्याच्या किनाऱ्यावरूनही झालेली आहे.

आणि नुसत्या केमिस्ट्रीवर निकाल देऊ नका. वास्कोला कोळसा उतरतो हे सगळ्यांना माहीत आहे, कोळशाचे कण गाळात असले की पीएएचचा आकडा वर जातो, पण कोळशात अडकलेला पीएएच जीवांना तितकासा मिळत नाही. उलट आकडा कमी असूनही जीव मरतात असंही होतं. म्हणून गाळातली रसायनं, त्या गाळात लॅबमध्ये ठेवलेल्या ॲम्फिपॉडचं, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतल्या छोट्या जीवांचं, दहा दिवसांत काय झालं ते, आणि प्रत्यक्ष तळावर कोण राहतंय ते, तिन्ही एकत्र बघायचं. मार्गदर्शक आकडे, म्हणजे पाऱ्यासाठी ०.१५ (याखाली परिणाम क्वचित) आणि ०.७१ (यावर परिणाम बऱ्याचदा) मिलिग्रॅम प्रति किलो वगैरे, हे अमेरिकन डेटावरून काढलेले आहेत. ते चाळणी म्हणून वापरा, त्यावरून डायरेक्ट 'सुरक्षित' लिहून मोकळं होऊ नका.

रिपोर्ट लिहिताना लंडन प्रोटोकॉलच्या, म्हणजे समुद्रात टाकाऊ गोष्टी टाकण्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, मार्गदर्शनातली एक पद्धत मला फार पटते. परवानगी देतानाच लिहायचं की आमच्या मते अमुक होईल आणि अमुक होणार नाही, आणि मॉनिटरिंग त्या वाक्याची परीक्षा घेतं. प्रश्न आधी लिहिलेला नसेल तर शंभर पॅरामीटर मोजून शेवटी 'कोणताही लक्षणीय परिणाम आढळला नाही' असं छापलं जातं, आणि त्यातून ना बंदराला काही कळतं, ना ज्याच्या रापणीत मासळी कमी येतेय त्याला. किती बदल झाला असता तर तुमच्या सॅम्पलिंगला तो दिसला असता, हे रिपोर्टमध्ये लिहाच. दोनच ग्रॅब घेऊन 'परिणाम नाही' म्हणणं बरोबर नाही. मच्छीमारांकडेही जा, ट्रॉलरवाले सांगतात कुठे जाळ्यात चिखलाचे गोळे येतात, आणि ती जागा कधीकधी नकाशातल्या चौकोनाबाहेर असते.

आता मार्ग. गोवा युनिव्हर्सिटीत ताळगावच्या पठारावर मरीन सायन्सचा एम्मेस्सी आहे, एनआयओ हाकेच्या अंतरावर, डिझर्टेशनला तिथे जागा मिळाली तर सोडू नका. संशोधनात जायचं तर नेट किंवा गेट द्या, जेआरएफ म्हणजे सुरुवातीची संशोधन फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० आहे, वर घरभाडं. प्रोजेक्टवरच्या जागा वर्षाच्या बोलीवर असतात, ही अस्थिरता खरी आहे, घरी आधीच सांगून ठेवा. कन्सल्टन्सीत काम जास्त आणि घाई जास्त, कारण पर्यावरण मंजुरीचे सहामाही अहवाल जून आणि डिसेंबरच्या एक तारखेला द्यायचे असतात, पण तिथे सगळ्या प्रकारची सॅम्पलं हाताखालून जातात. आकडेमोडीसाठी आर शिका, नकाशांसाठी क्यूजीआयएस शिका, पोहायला शिका. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही.

आणि वेळापत्रक लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर छोटी बोट बाहेर जात नाही, म्हणून गाईडला ऑक्टोबरात भेटून उपयोग नाही, तोवर बोटीवरच्या जागा ठरलेल्या असतात. मे संपायच्या आत भेटा, आणि पावसाळ्यात लॅबमध्ये पडून असलेली जुनी सॅम्पलं पिकिंगला, म्हणजे जीव एकेक उचलायला, मागून घ्या. ती प्रत्येक लॅबमध्ये असतात आणि त्यांना हात कमी पडतात.